फ्रीज कुठल्या पट्टीत गातो?

वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

"सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. गोव्यात म्हार्दोळच्या बाजूला आमचं जुनं कौलारू घर आहे. मुलाने पुण्याहून चांगले स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर पाठवला. रात्री जेवणं आटोपली की मी आणि सौ. दीडेक तास ऐकत बसतो. शास्त्रीय गाणं: केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, किशोरीताई आमोणकर, जितेंद्र अभिषेकीबुवा. आलाप मंद्रात उतरला की नेमका फ्रीज सुरू होतो (मंद्र म्हणजे खालचं सप्तक). तो जुना आहे, आणि स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून हॉलमध्येच आहे. डोक्यावर पंखा. तो बंद केला तर ऑक्टोबरात बसवत नाही आणि कमी केला तर वेगळीच भुणभुण सुरू होते. जिन्याखाली इन्व्हर्टर आहेच, शिवाय शेजाऱ्यांचा पंप. एका दुकानदाराने तीन भिंतींना फोम लावायला सांगितलंय, २८,००० रुपये. फ्रीज तेवढा वेळ बंद ठेवू म्हटलं तर सौ. म्हणते, दूध नासलं तर सकाळी कोरा चहा प्या. काय करावं? सोबत हॉलचा नकाशा काढून पाठवतो."

सर, नमस्कार.

फोमचं आधी सांगतो. घेऊ नका. तो खोलीतला प्रतिध्वनी थोडाफार शोषतो, आणि तोही वरच्या सुरांचा. तुमच्या फ्रीजची घरघर १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या, आसपासची. तिच्या एका लहरीची लांबी हवेत जवळजवळ साडेतीन मीटर भरते. दीड-दोन इंचांचा फोम तिच्या वाटेत असला काय, नसला काय. आवाज अडवायला वजन लागतं, आणि ते तुमच्या जांभ्याच्या भिंतींत भरपूर आहे. पण तुम्हाला छळणारा आवाज भिंतीपलीकडून येतच नाही, तो खोलीत तुमच्याबरोबर बसलाय. वर आपल्याकडची हवा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामडी चपलेला बुरशी येते, तिथे त्या स्पंजाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता नकाशा. तो पाठवलात हे फार बरं झालं, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. स्पीकर समोरच्या शोकेसवर आहेत. तुमची आरामखुर्ची दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून, स्पीकरपासून पंधरा फुटांवर. आणि फ्रीज त्याच टोकाच्या कोपऱ्यात, खुर्चीपासून चार फुटांवर. म्हणजे सर, तुम्ही फ्रीजच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसलाय आणि किशोरीताईंच्या मैफलीत शेवटच्या.

आधी खुर्ची हलवा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने चढतो आणि दुप्पट झालं की तेवढाच उतरतो. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज मिसळतो, त्यामुळे हा हिशेब पुरा मिळत नाही. तरी स्पीकरपासून सात फुटांवर आलात तर गाणं जवळ येईल आणि फ्रीज दुपटीहून लांब जाईल. एकाच हालचालीत दोन्हीकडून फायदा, आणि खर्च शून्य. शिवाय खालचे सूर भिंतीशी आणि कोपऱ्यात साचतात. खुर्चीची पाठ भिंतीला लावून बसलं की घुमणं जास्तच ऐकू येतं. फ्रीज चालू असताना डोकं भिंतीला टेकवा, मग हळूहळू तीन फूट पुढे या. मधे कुठेतरी घरघर एकदम पातळ होईल. सात फुटांपर्यंत येणं जमत नसेल तर निदान तिथे खुर्ची ठेवा.

स्पीकरही शोकेसवरून खाली घ्या. शोकेसच्या काचा आणि आतली मुलांची बक्षिसं तबल्याच्या डग्ग्याला साथ देत असणार, ते तुम्ही लिहिलं नाहीत एवढंच. दोन भक्कम स्टुलं पुरतील. स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवा, आणि दोघांनी ऐकायचं असेल तर दोन्ही खुर्च्या मधोमध, शेजारी-शेजारी.

यानंतर एका रात्री अकराच्या सुमारास, शेजारचे टीव्ही झोपले की, मेन स्विच पाडा. इन्व्हर्टरही बंद करा, नाहीतर तो स्वतःहून पंखा चालू ठेवेल. पाच मिनिटं नुसते बसा. बेडूक आणि रातकिडे राहतील, फोंडा-पणजी रस्त्यावरचा एखादा ट्रक राहील. तो तुमचा तळ, त्याखाली कुठल्याच दुकानातली वस्तू तुम्हाला नेणार नाही. मग एकेक गोष्ट चालू करत जा आणि कागदावर लिहा, कोण सगळ्यात मोठं. मोबाइलवर आवाज मोजायची अ‍ॅप असतात. त्यांचा आकडा खरा धरू नका, पण दोन आकड्यांतला फरक बऱ्यापैकी धरता येतो.

हा क्रम लावणं महत्त्वाचं, कारण डेसिबलची बेरीज शाळेतल्या बेरजेसारखी होत नाही. पंखा ५० डेसिबल आणि फ्रीज ४० असेल तर दोन्ही मिळून ५०.४ होतात. फ्रीज कायमचा घराबाहेर काढलात तरी मीटर ५० दाखवणार. कानाला तो फरक कळणारसुद्धा नाही. म्हणून सगळ्यात मोठ्याला आधी धरायचं. माझा अंदाज, तुमच्या घरी तो पंखा निघेल. आणि पंखा गप्प झाला की दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाटेल, फ्रीज आणखी मोठ्याने ओरडायला लागला. तसं झालं की समजा, काम बरोबर चाललंय.

पंख्याचा आवाज तीन प्रकारचा. पहिला वाऱ्याचा, पात्यांनी हवा कापल्याचा. हा गतीवर फार अवलंबून असतो; गती निम्मी केली की साधारण १५ डेसिबलने उतरतो. यातून एक गंमत निघते. एक पंखा जोरात फिरवण्यापेक्षा दोन पंखे सावकाश फिरवले तर वारा तेवढाच लागतो आणि आवाज खूप कमी होतो, कारण सारख्या आवाजाचा दुसरा पंखा आला तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. जुन्या घरांच्या लांब हॉलमध्ये तुळईला दुसरा हूक बहुतेक असतोच. बघा वर.

दुसरा आवाज खडखडीचा. पात्यांचे स्क्रू ढिले, दांडीच्या वरचं रबर झिजलेलं, किंवा वरची प्लॅस्टिकची वाटी तुळईला घासते. वाटी बोटभर खाली सरकवली की अर्ध्या घरांतली खडखड तिथेच थांबते. पात्यांवरची धूळही पुसा. एका पात्यावर जास्त, एकावर कमी बसली की पंखा डुलतो. दांडीची पिन आणि हूक मात्र इलेक्ट्रिशियनलाच दाखवा, खुर्चीवर चढून तुम्ही नको.

तिसरा आवाज म्हणजे तुम्ही लिहिलेली भुणभुण, पंखा कमी केल्यावर येणारी. तिचा दोष पंख्याचा नाही, रेग्युलेटरचा आहे. जे बटण रेडिओच्या आवाजासारखं सलग फिरतं, ते वीज तुकडे करून पंख्याला देतं. गती कमी मागाल तितके तुकडे बोचरे, आणि मोटरची गुंडाळी त्या प्रत्येक तुकड्याला थरथरते. म्हणजे गती उतरवून वाऱ्याचा आवाज घालवला की तिकडून ही भुणभुण आलीच. यावर उपाय कपॅसिटरवाला, टकटक करत टप्प्याटप्प्याने फिरणारा रेग्युलेटर. काही टप्प्यांचे रेग्युलेटरही आतून जुन्याच पद्धतीचे असतात, म्हणून दुकानात कपॅसिटर टाइप, हमिंग नको, असं स्पष्ट सांगा. काही शे रुपयांचं काम, इलेक्ट्रिशियनला वीस मिनिटं. या सगळ्या उत्तरात पैसे खर्चून करायची एकच गोष्ट निवडायची असेल तर मी ही निवडेन.

पंखाच नवा घ्यायचा असेल तर बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, घ्या. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, हा ३०-३५. आणि मोटर जवळजवळ मुकी. किंमत साधारण अडीच-तीन हजारांपासून पुढे. त्याची गती रिमोटने आतूनच बदलते, त्यामुळे भिंतीवरचा रेग्युलेटर काढून टाकायला लावा. तो ठेवून गती कमी-जास्त केली तर पंखा बिघडतो.

आता फ्रीज.

तुमच्या तक्रारीत एक ओळ मला फार आवडली: 'आलाप मंद्रात उतरला की नेमका'. नेमका नव्हे सर, तो आधीही चालू असतो. पण त्याचा सूर काय आहे ते बघा. आपली वीज ५० हर्ट्झची. मोटरमधल्या आणि स्टॅबिलायझरमधल्या लोखंडाला ती प्रत्येक फेऱ्यात दोनदा ओढते, म्हणून घुमतो तो १०० हर्ट्झचा सूर. पेटीवर खालच्या सप्तकात पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, आहे ९८ हर्ट्झला आणि काळी चार, म्हणजे चौथी काळी, जवळजवळ १०४ला. फ्रीज दोघींच्या मधे, पांढरी पाचच्या थोडा वर, कुठल्याच पट्टीत नाही. बायकांच्या गायनात काळी चार ही अगदी नेहमीची पट्टी. ती पट्टी असेल तर तानपुऱ्याची खर्जाची तार १०४ला बोलते आणि तिच्या कानाशी फ्रीज १००चा सूर धरून बसतो. दोन जवळचे सूर एकत्र आले की सेकंदाला त्यांच्या फरकाइतक्या वेळा आवाज डोलतो, इथे चारेक वेळा. तानपुरा जुळवताना तार थोडी उतरलेली असते तेव्हा जे ऐकू येतं तेच. वाऱ्याचा आवाज पंखा केवढाही करो, दहा मिनिटांत कान विसरतो, कारण त्याला सूर नसतो. फ्रीज बेसुरा आहे म्हणून टोचतो. जन्मभर गाणं ऐकलेल्या माणसाला जास्तच.

त्याच्याशी कसं वागायचं? तो चालू असताना तळहात घेऊन त्याच्याभोवती फिरा. एका बाजूवर हात दाबा, मग दुसऱ्या, मग वर, मग दारावर. जिथे दाबल्यावर आवाज बदलतो तिथे काहीतरी सैल आहे किंवा कशाला तरी टेकलंय. वर ठेवलेला स्टॅबिलायझर, स्टीलचे डबे, फुलदाणी, सगळं खाली काढा. दार उघडून बघा, काचेच्या बाटल्या एकमेकींना चिकटल्यात का. कोकमाच्या आगळाची बाटली आणि पाण्याची बाटली शेजारी-शेजारी असतील तर तीच बारीक किणकिण. मग प्लग काढून मागे टॉर्च मारा. खाली कॉम्प्रेसर, त्याच्या डोक्यावर पाणी साठायचं प्लॅस्टिकचं तबक. हे तबक फार वेळा नुसतं अडकवलेलं असतं आणि थरथरतं. त्याच्या कडेला रबराचा छोटा तुकडा खोचला की गप्प. तांब्याची नळी पत्र्याला किंवा भिंतीला टेकलेली दिसली तर मेकॅनिकला सांगा, स्वतः वाकवू नका. चिरली तर गॅस जाईल. मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने झाडा. जाळी तुंबली की उष्णता बाहेर जात नाही, आणि मग कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. भिंतीपासून चार बोटं तरी अंतर हवं.

आणि खालचं ते प्लॅस्टिकचं स्टँड. तुमच्याकडे असणारच, सगळ्यांकडे असतं. लादी धुताना पाणी लागू नये म्हणून घेतलेलं. ते पोकळ असतं, त्याच्या चारी पायांवर वजन सारखं बसत नाही, आणि कॉम्प्रेसरची थरथर ते मोठी करून जमिनीला देतं. ते काढा. उंची हवीच असेल तर चार कोपऱ्यांना ग्रॅनाइटचे किंवा कडाप्प्याचे उरलेले तुकडे घाला, आणि त्यावर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो जाड काळा रबर. मऊ स्पंज नको, वजनाने दबून तो कागद होतो. फ्रीज किंचित मागे झुकलेला ठेवा म्हणजे दार आपोआप लागेल, डावी-उजवी बाजू मात्र समान. जड असतो, चतुर्थीला मुलगा घरी आला की दोघांनी मिळून करा.

स्टॅबिलायझरचं म्हणाल तर तोही १००चाच गायक, शिवाय मधूनमधून टक् करतो. तुमच्या भागातली वीज खालीवर होते, म्हणून काढून टाका असं मी म्हणणार नाही. तारेची लांबी पुरत असेल तर फ्रीजवरून काढून भिंतीवर रबराच्या चकतीवर टांगा. नवा फ्रीज गाण्यासाठी म्हणून घेऊ नका. हा मेला की मग इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा घ्या, तो हळू फिरतो आणि बराच शांत असतो.

वहिनींच्या दुधाचं. बंद दाराचा फ्रीज वीज गेल्यावर चारेक तास आतला गारवा धरतो. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा आपण सगळे याच भरवशावर असतो. तेव्हा आलाप ऐकायच्या तासा-दीड तासाला फ्रीज बंद केला तर दूध नासायचं कारण नाही, अट एवढीच की त्या वेळात दार उघडायचं नाही आणि नंतर चालू करायला विसरायचं नाही. विसरण्यावरचा उपाय: बंद करताना तुमच्या रात्रीच्या गोळ्यांची डबी प्लगच्या बटणाशी ठेवा. गोळी घेतल्याशिवाय तुम्ही झोपणार नाही. आणि बंद केल्या केल्या लगेच चालू करू नका, मधे पाच मिनिटं जाऊ द्या. कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला तेवढा वेळ लागतो. रोज नको, पण ज्या रात्री केसरबाई लावायच्या त्या रात्री बेलाशक. १९७७ साली त्यांची भैरवी व्हॉयेजर यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून अंतराळात गेली. तिथे ती निदान फ्रीजशिवाय असेल. तुमच्या गोव्यातल्याच केरी गावच्या या बाईंना तुमच्या हॉलमध्येही तेवढा मान द्यायला हरकत नाही.

एक तपासणी मात्र चुकवू नका. फ्रीज, पंखा सगळं बंद करून फक्त अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवा, आवाज शून्यावर, आणि स्पीकरला कान लावा. घुमणं तिथूनच येत असेल तर ते यंत्रांचं नाही, वायरिंगचं. अ‍ॅम्प्लिफायर आणि प्लेअर एकाच बोर्डवर घ्या. लॅपटॉपवरून ऐकत असाल तर त्याचा चार्जर काढून ऐका. रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याची अर्थची बारीक तार अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आहे ना बघा. कोणीतरी तुम्हाला सांगेल, प्लगची तिसरी पिन तोडा, घुमणं जातं. जातं खरं, आणि त्याबरोबर शॉकपासूनचं संरक्षणही जातं. अजिबात तोडू नका. जुन्या घरांत अर्थिंगच कमकुवत असतं, त्यात मार्च-एप्रिलात जांभ्यातली ओल आटली की आणखी. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला आणि एकदा इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. गाण्यासाठी नाही तरी घरासाठी.

इन्व्हर्टरबद्दल थोडक्यात. वीज गेल्यावर पंखा वेगळाच किरकिरत असेल तर तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. साइन वेव्हचा घेतला की ते जातं. जिन्याखालून तो मागच्या पडवीत हलवता आला तर उत्तम, फक्त बॅटरीला वारा हवा आणि पावसाचं पाणी नको.

हेडफोनचं तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून बरं वाटलं. बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन नेमक्या अशा सलग खालच्या घरघरीवर फार चांगले चालतात, हे मान्य. पण तुम्ही दोघं ऐकता. एकाने कान झाकून बसायचं आणि दुसऱ्याने त्याच्या माना डोलावण्याकडे बघत बसायचं, यात काही अर्थ नाही. उन्हाळ्यात कानाला घामही येतो.

आणि फार शांततेच्या मागेही लागू नका. केसरबाई-मोगूबाईंची तीन-तीन मिनिटांची ७८च्या वेगाची ध्वनिमुद्रणं स्वतःच खरखर घेऊन येतात, ती तुमच्या सावकाश पंख्यापेक्षा मोठी असते. ती काढून टाकणारे सॉफ्टवेअरचे उपाय गळ्यातली धारही थोडी काढतात. मला खरखर चालते. आषाढात कौलांवर पाऊस कोसळत असेल तेव्हा तर यातलं काहीच करू नका, फ्रीज ऐकूच येणार नाही. किशोरीताईही येणार नाहीत, ते वेगळं.

राहिला शेजाऱ्यांचा पंप. कायद्याने निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण हे वाक्य शेजाऱ्यांसमोर उच्चारू नका. संबंध जन्माचे आहेत. त्यांचा पंप टाकीतल्या फ्लोटने आपोआप लागत असेल, तर तो नेमका त्याच वेळी लागतो हे त्यांना माहीतही नसेल. संध्याकाळी सातला हाताने एकदा टाकी भरून घ्याल का, एवढंच विचारा. पंप बहुतेक सिमेंटच्या कट्ट्यावर बोल्टने थेट आवळलेला असेल आणि पाइप दोन्ही घरांमधल्या भिंतीला क्लॅम्पने धरलेला. बोल्टखाली रबराच्या चकत्या आणि क्लॅम्पच्या आत जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे, एवढ्याने भिंतीतून येणारी धडधड बरीच उतरते. तुमचा इलेक्ट्रिशियन रेग्युलेटर बदलायला येईल त्याच दिवशी हे करून घ्या, खर्च मी देतो म्हणा. २८,००० वाचलेत, त्यातून हे सहज निघतं. फोमवाल्याला आगाऊ रक्कम दिली असेल तर मात्र खुर्ची हलवायच्या आधी त्याला फोन करा.